आवाज कोणाचा? – नागपुरातले एक गीत-प्रकरण आणि समीक्षेची रजा

फेब्रुवारी २०२२मध्ये यो यो हनी सिंग या नावाने देशभर ओळखले जाणारे गायक हृदेश सिंह नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात हजर झाले आणि त्यांनी तेथे आपल्या आवाजाचा नमुना दिला. नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याच वर्षी जानेवारीत तसा आदेश दिला होता. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही करमणुकीच्या पानावरची बातमी होती आणि दोन दिवसांत ती विरूनही गेली. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. 'आवाज' हा शब्द आपण समीक्षेत उठताबसता वापरतो. कवितेतला आवाज, निवेदकाचा आवाज, अमक्या कवीला स्वतःचा आवाज सापडला की नाही, यावर आपण निबंध लिहितो आणि विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतो. पाचपावलीत हाच शब्द त्याच्या सर्वांत उघड्या अर्थाने वापरला गेला. एका ध्वनिमुद्रणातला कंठ या माणसाचा आहे की नाही, एवढेच तेथे तपासायचे होते.

प्रकरण थोडक्यात असे. नागपुरातील एका व्यावसायिकाने महाजालावर फिरणाऱ्या काही गीतांविरुद्ध तक्रार केली आणि २०१४-१५च्या सुमारास तिचे गुन्ह्यात रूपांतर झाले. अश्लील साहित्याविषयीची भारतीय दंड संहितेची २९२ व २९३ ही कलमे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील तरतुदी लावण्यात आल्या. तपास वर्षानुवर्षे रेंगाळला. मधल्या काळात गायकाचे विदेश दौरे, त्यासाठी न्यायालयाची परवानगी, अटी आणि त्यांची शिथिलता असे उपकथानक चालू राहिले. गीत आपलेच की नाही, याविषयीचा वाद मात्र मुळापाशीच होता. प्रस्तुत लेखात ती गीते त्यांचीच आहेत असे गृहीत धरलेले नाही. त्यांची नावे किंवा ओळी देण्याचेही कारण नाही. त्या ओळी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना त्यांची आठवण करून देण्याची गरज नाही, आणि ज्यांनी ऐकलेल्या नाहीत त्यांचे त्यावाचून काही अडलेले नाही.

नागपूरचे हे प्रकरण एकटे नाही. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेने देश हादरला असताना या गायकाच्या नावावर फिरणाऱ्या एका बलात्कारविषयक गीताविरुद्ध संतापाची लाट उठली. गुडगावातील नववर्षाच्या पूर्वसंध्येचा त्यांचा कार्यक्रम रद्द झाला आणि लखनौला गुन्हा नोंदवला गेला. ते गीत आपले नाहीच, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. २०१३मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात पंजाबी गीतांतील अश्लीलतेविरुद्ध याचिका झाली. २०१९मध्ये पंजाबच्या महिला आयोगाच्या तक्रारीनंतर एका नव्या गीतावरून मोहालीत गुन्हा दाखल झाला. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आणखी एका गीताविरुद्धची जनहित याचिका आली. याचिकेत भोजपुरी अश्लीलतेचा विशेष उल्लेख होता. अश्लीलतेला प्रांत नसतो, अशा आशयाचे बोल सुनावून खंडपीठाने ती ऐकण्यास नकार दिला.

लखनौ, मोहाली, नागपूर, दिल्ली अशी ही यादी वाचताना एक गोष्ट जाणवते. या सर्व ठिकाणी भरपूर कागद झाले. गीत कोणाचे, ते कोणी टाकले, तक्रार कोणत्या ठाण्याच्या हद्दीत बसते, याचिका चालते की नाही, या प्रश्नांवर वर्षे खर्ची पडली. गीत काय म्हणते, कोणाला उद्देशून म्हणते आणि ते ऐकणाऱ्यांना त्यात गंमत का वाटते, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारलाच नाही. तो विचारणे हे पोलिसांचे काम नव्हते. ते आपले काम होते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की समीक्षेने जी जागा रिकामी सोडली ती फौजदारी कायद्याने भरून काढली. आणि ती त्याला भरता येण्यासारखी नव्हतीच.

आधी आवाजाचा मुद्दा घेऊ. आरोपीला आवाजाचा नमुना देण्यास भाग पाडता येते का, हा प्रश्न भारतीय कायद्यात बराच काळ अनिर्णित होता. संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो की कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही. मग स्वतःचा आवाज देणे ही स्वतःविरुद्धची साक्ष झाली काय? १९६१मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने यांना 'साक्ष' मानण्यास नकार दिला होता. त्याच वाटेने २ ऑगस्ट २०१९ रोजी रितेश सिन्हा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दंडाधिकारी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतो. यामागचा तर्क साहित्याच्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. कायद्याच्या लेखी असा आवाज हे विधान नसते. तो शरीराचा एक भाग असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. तुम्ही काय बोललात याला महत्त्व नाही. बोलताना कंठ कसा हलला याला आहे.

समीक्षेचा आवाज याच्या बरोबर उलट टोकाला असतो. कवितेतला 'मी' हा कवी नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. खुन्याच्या तोंडून बोलणारा कवी खुनी नसतो. 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम बायकांना जसा वागवतो तसे वागवण्याची शिफारस तेंडुलकर करत नाहीत. १९७२मध्ये या नाटकाचा प्रयोग-परवाना काढून घेतला गेला तेव्हा कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. या भेदाचा विसर पडला की काय होते हेही आपण मराठीत पाहिले आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता एका बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकाने १९९४मध्ये पुन्हा छापली. त्यावरून झालेला खटला १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा न्यायालयाने प्रकाशकाची सुटका केली, कारण त्याने लगेच माफी छापली होती. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले. इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालताना काव्यस्वातंत्र्याला मर्यादा पडतात, असा त्या निकालाचा सूर होता. कवितेतला गांधी हे कवितेने घडवलेले पात्र आहे, हा बचाव तेथे पुरेसा ठरला नाही.

येथवर आपण सगळे एका बाजूला असतो. कवी निरपराध, कायदा अरसिक. पण रॅप गीताकडे आलो की ही सोयीची विभागणी मोडते, आणि ती मोडते ती रॅपच्या रचनेमुळेच. रॅप गायक गाण्याच्या तोंडी स्वतःचे नाव घेतो. आपली गाडी, आपले शहर, आपले शत्रू, आपली कमाई यांचा उल्लेख करतो. हा 'मी' खरा आहे, हे पटवून देण्यावरच त्या बाजाराचे अर्धे भांडवल उभे असते. गुर्जरांची कविता वाचकाला पात्र आणि कवी यांच्यातले अंतर दाखवते. रॅपचा बाजार ते अंतर पुसण्यासाठी पैसे मोजतो. मग अशा गाण्यावर आक्षेप आला की 'तो मी नव्हेच', किंवा 'ते निव्वळ पात्र आहे', असे म्हणण्याची सोय या कलाप्रकाराला राहते ती किती? मंचावर 'मी' आणि ठाण्यात 'तो' असा दुहेरी व्यवहार करणाऱ्या कलेविषयी समीक्षकाने संशय बाळगायलाच हवा. हा संशय कोणा एका गायकापुरता नाही. त्या संकेतापुरता आहे.

याला आणखी एक पदर आहे, आणि तो मराठी वाचकाला परका वाटू नये. संतकाव्यात शेवटच्या चरणातील नाममुद्रा ही कवीची सही असते. पण हीच सही प्रक्षेपाचे दारही उघडे ठेवते. तुकारामांच्या नाममुद्रेने संपणारे सगळे अभंग तुकारामांचे नाहीत, हे गाथेच्या प्रत्येक संपादकाला ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी १५८४मध्ये ग्रंथ शुद्ध केला, तेव्हाही नावावर काय खपवले गेले आहे याचीच ती छाननी होती. नाव जितके मोठे तितके त्याच्या आश्रयाला येणारे साहित्य अधिक. महाजालावर गीत चढवणाऱ्याला स्वतःची ओळख द्यावी लागत नाही. लोकप्रिय नाव चिकटवले की ऐकणारे धावत येतात. म्हणून 'हे गीत त्यांचे आहे काय' हा नागपूरच्या तपासातला प्रश्न मुळात पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि तो क्षुल्लक नाही. एखाद्याने न रचलेल्या मजकुरासाठी त्याला गुन्हेगार ठरवणे हा घोर अन्याय होईल. अडचण एवढीच की पाठचिकित्सेनंतर अर्थचिकित्सा सुरू व्हायला हवी, आणि आपल्याकडे चर्चा पहिल्या पायरीवरच बसून राहिली. गीत त्यांचे नसेल तर प्रश्न मिटला, असे सर्वांनी मानले. प्रश्न मिटला नव्हता. ते गीत कोणीतरी लिहिले होते, कोणीतरी गायले होते आणि अगणित लोकांनी ते एकमेकांना पाठवले होते. निनावी अभंगाचेही आपण मूल्यमापन करतोच की.

आता आवाजाकडून कानाकडे येऊ. अश्लीलतेचा कायदा मुळात बोलणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचा कायदा आहे. १८६८मध्ये इंग्लंडात हिक्लिन खटल्यात न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी कसोटी दिली ती अशी: ज्यांची मने अशा प्रभावांना खुली आहेत आणि ज्यांच्या हाती हा मजकूर पडू शकतो, त्यांना तो बिघडवील काय? म्हणजे समाजातला सर्वांत कच्चा वाचक हा साऱ्या साहित्याचा न्यायाधीश झाला. मुंबईच्या पुस्तकविक्रेत्या रणजित उदेशी यांना 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये कायम केली ती याच कसोटीच्या आधारे. १९६९मध्ये 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांच्यावर झालेला खटला त्याच न्यायालयात गेला. त्या वेळी न्यायालयाने कथा समग्र वाचली, बदलत्या समाजमानसाचा विचार केला आणि एखाददुसऱ्या वाचकावर नव्हे तर वाचकांच्या एखाद्या वर्गावर काय परिणाम होईल हे पाहिले. काकोडकर सुटले. पुढे ३ फेब्रुवारी २०१४ रोजी अवीक सरकार प्रकरणात हिक्लिनची कसोटी बाजूला सारून समकालीन समाजाच्या मानकांची कसोटी स्वीकारली गेली. मार्च २०२४मध्ये एका वेब मालिकेविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: शिवी असभ्य असू शकते, म्हणून ती अश्लील ठरत नाही.

या इतिहासात नागपूरचे एक मोठे योगदान आहे आणि नागपूरकरांनाही त्याचा विसर पडलेला असतो. १९३६ ते १९५६ या काळात नागपूरला स्वतःचे उच्च न्यायालय होते. तेथील न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल प्रकरणात, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, राजद्रोहाच्या संदर्भात एक तत्त्व मांडले. शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. दुबळ्या, डळमळीत मनाचा किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा माणूस नव्हे, असा त्याचा आशय आहे. हे हिक्लिनच्या नेमके उलट आहे. एकाने सर्वांत दुर्बळ कान प्रमाण मानला, दुसऱ्याने सर्वांत स्वस्थ. १९८८मध्ये 'तमस' मालिकेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने बोस यांच्या या निकषाचा आधार घेतला. २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेच्या ध्वनिमुद्रणावरून गुजरातेत दाखल झालेला गुन्हा रद्द करतानाही हाच नागपुरी निकष पुन्हा उद्धृत झाला. ज्या शहराने वाचकाच्या धैर्यावर विश्वास ठेवण्याचा धडा देशाला दिला, त्याच शहरातल्या एका ठाण्यात गीतांची फाइल दशकभर फिरत राहावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो मला टाळायचा नाही. बोस यांचा धैर्यवान माणूस घरी बसून वर्तमानपत्र वाचतो. नको वाटले तर तो ते मिटून ठेवतो. लग्नाच्या वरातीतले, ऑटोतले, गणेशोत्सवाच्या मांडवातले आणि महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातले गाणे असे मिटता येत नाही. ते ऐकणारी विद्यार्थिनी दुबळी नसते, डळमळीतही नसते. ती ते ऐकून बिघडत नाही. तिचा अपमान होतो. आजूबाजूचे मित्र ज्या ओळीवर टाळी देत आहेत त्या ओळीत आपल्यासारखीच एक मुलगी वस्तू म्हणून हाताळली जाते आहे, हे तिला स्वच्छ कळते, आणि हसण्यात सामील न झाल्यास आपण 'जुनाट' ठरू हेही कळते. तिला खंबीर व्हायला सांगणे हे उत्तर नव्हे. ती खंबीरच आहे.

हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून जे निष्पन्न होते ते अश्लीलतेच्या कायद्याच्या बाजूचे नाही, त्याच्या विरुद्ध आहे. अश्लीलतेचा कायदा त्या विद्यार्थिनीची बाजू घेतच नाही. त्याची चिंता तिच्या शेजारी टाळ्या वाजवणाऱ्या मुलाविषयी आहे. त्याच्या मनात वासना जागून तो बिघडेल काय, एवढेच तो विचारतो. अपमान झालेली व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येत नाही. १९८६चा स्त्रियांच्या असभ्य प्रतिरूपणाविरुद्धचा कायदा तिचे नाव घेतो खरा, पण तोही स्त्रीच्या देहाचे चित्रण आणि सार्वजनिक नीतिमत्ता यांची सांगड घालतो. देह किती झाकला आहे याचे माप त्याला घेता येते. देहावर कोणाची सत्ता सांगितली जाते आहे याचे घेता येत नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात जुन्या २९२चे २९४ झाले आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूर स्पष्टपणे आत घेतला गेला. कलमाचा आकडा बदलला, साधन नवे आले. व्याख्येचा गाभा एकोणिसाव्या शतकाचाच राहिला.

'अश्लील' या एकाच शब्दाखाली आपण काय काय कोंबले आहे, हे मराठीच्या इतिहासात पाहण्यासारखे आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३१मध्ये आणि पुन्हा १९३४मध्ये अश्लीलतेचे खटले झाले. दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली; तरी कर्वे हरले. त्यांचा अपराध काय होता? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी संकोच न करता उत्तरे दिली होती, आणि बाईला गरोदरपणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा हक्क आहे असे ते आयुष्यभर सांगत होते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' या संग्रहावर खटला झाला तो एका महायुद्धोत्तर शहरातल्या माणसाची किळस आणि करुणा नव्या शब्दांत मांडल्याबद्दल, ते सुटले. आता याच शब्दाखाली ज्या गीतात स्त्रीवरील हिंसेचा उपभोग घेतला जातो असा आरोप आहे ते गीत आणून ठेवा. कर्वे बाईला तिच्या देहाची मालकी परत देऊ पाहतात. असे गीत ती मालकी हिसकावल्याचा उत्सव करते. जो शब्द या दोहोंना एकाच पिंजऱ्यात उभे करतो तो शब्द आपल्या कामाचा नाही. न्यायालयाला तो चालवावा लागतो, कारण संसदेने त्याला तोच दिला आहे. आपल्याला तशी सक्ती नाही.

मग आपण कोणता शब्द वापरतो? खेद असा की आपण कोणताच वापरत नाही. मराठी समीक्षेने लोकप्रिय गीताकडे पाहण्याचे दोनच पवित्रे जोपासले आहेत. एक, नाक मुरडणे: हे साहित्यच नव्हे, म्हणून त्यावर बोलायचे कारण नाही. दोन, अलीकडचा, सांस्कृतिक अभ्यासाच्या नावाखाली घेतलेला: हा तळागाळाचा उद्गार आहे, अभिजनांनी त्याला नावे ठेवू नयेत. पहिल्या पवित्र्यात गर्व आहे आणि दुसऱ्यात आळस. लावणीच्या शृंगाराचा दाखला देऊन अशा गीताचे समर्थन करणारेही भेटतात. तुलना करायचीच असेल तर ती नीट करावी. लावणीतली स्त्री बोलते. ती मागते, रुसते, टोमणा मारते, पुरुषाला ताटकळत ठेवते. तिच्या तोंडी शब्द घालणारा शाहीर बहुधा पुरुष असतो आणि फडात नाचणाऱ्या बाईच्या वाट्याला जातीय शोषण येते, हे सारे खरेच आहे. त्याची चिकित्सा दलित आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी केलीही आहे. तरीही त्या रचनेत स्त्रीला इच्छा असते. येथे ज्या प्रकारच्या गीतांविषयी आपण बोलत आहोत त्यांत तिला इच्छाच नसते. ती क्रियापदाचे कर्म असते. शृंगार आणि हिंसा यांच्यातला हा भेद व्याकरणात दिसतो. तो दाखवायला पोलीस लागत नाही, भाषेचा शिक्षक लागतो.

नागपूरच्या, अमरावतीच्या, कोठल्याही गावच्या मराठी विभागात हे करून पाहता येईल. विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीत असलेलेच एखादे लोकप्रिय गीत घ्यावे. ते पंजाबी असो, हिंदी असो की मराठी. भाषेवरून प्रांतिक फुशारकी मारायला कोणालाच जागा नाही. कर्ता कोण, कर्म कोण, संबोधन कोणाला, हे विचारावे. गीतात स्त्री एकदा तरी उत्तर देते का, हे शोधावे. हशा कोठे येतो आणि कोणाच्या खर्चाने येतो, हे ऐकावे. ताल काढून घेऊन शब्द नुसते वाचले तर काय उरते, हे पाहावे. कारण या गीतांची सारी किमया अशी असते की ताल शब्दांवर विचार करू देत नाही. मग त्याच विद्यार्थ्यांना विचारावे की यावर बंदी घालावी काय. माझा तर्क असा की या मार्गाने गेलेले बरेच विद्यार्थी बंदी मागणार नाहीत. आणि पुढच्या स्नेहसंमेलनात ते गाणे वाजले तर त्यांच्यातल्या काही जणांना टाळी वाजवणे जड जाईल. कायद्याला हे साधत नाही. तो फार तर गाणे काढून टाकतो, आणि काढून टाकलेले गाणे दुसऱ्या नावाने दुसऱ्या दिवशी परत येते.

यावर कोणी म्हणेल, मग तक्रारदाराने काय करायचे होते? ज्याच्या घरात मुले वाढत आहेत आणि ज्याला ही गीते असह्य वाटली त्याने समीक्षकांची वाट पाहत बसायचे होते काय? त्याचा संताप मी खोटा मानत नाही. कोठेच दाद मिळेना म्हणून माणूस ठाण्याची पायरी चढतो. पण ती पायरी चढल्यावर त्याच्या संतापाचे काय झाले तेही पाहावे. 'हे वाईट का आहे' या त्याच्या प्रश्नाचे रूपांतर 'हा कंठ कोणाचा' या प्रश्नात झाले. स्त्रीच्या प्रतिष्ठेचा विषय ध्वनिशास्त्राच्या अहवालाचा विषय झाला. गायकाला वर्षानुवर्षे आरोपी म्हणून वावरावे लागले, तक्रारदाराला वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला, आणि ज्या मुलींच्या नावाने हे सगळे चालले होते त्यांना काय वाटते हे कोणत्याही टप्प्यावर विचारले गेले नाही. प्रक्रिया हीच शिक्षा होते असे आपण म्हणतो. येथे प्रक्रिया हीच पळवाटही झाली. समाजाला वाटले की न्यायालय पाहून घेईल. न्यायालयाने जे पाहिले ते त्याला पाहता येण्यासारखे होते तेवढेच.

वाईट गीताला कायद्याने गप्प करू नये, असे म्हणणाऱ्यावर एक जबाबदारी येते. ते वाईट आहे हे त्याने मोठ्याने, नावानिशी आणि कारणांसह सांगितले पाहिजे. ते न सांगता केवळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा धरणे म्हणजे दुसऱ्याच्या अपमानाची किंमत मोजून स्वतःची उदारता मिरवणे होय. बोस यांच्या धैर्यवान माणसाचे धैर्य केवळ ऐकून न डगमगण्यात नसावे; ऐकल्यावर बोलण्यातही असावे. आवाजाचा नमुना एका गायकाने दिला. आपला अजून द्यायचा राहिला आहे.